चांदबीबी : तट राखला, विश्वास ढळला

राहाता, विशेष प्रतिनिधी

राहाता, शिर्डी, कोपरगाव या भागातील शाळांच्या सहली नगरला गेल्या की एक ठिकाण सहसा चुकत नाही. शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरवर, पाथर्डी रस्त्यालगतच्या शहा डोंगरावर उभी असलेली अष्टकोनी दगडी इमारत ते ठिकाण. जिल्हाभर ती 'चांदबीबीचा महाल' म्हणून ओळखली जाते. वस्तुतः तो महालही नव्हे आणि चांदबीबीचाही नव्हे. मुर्तजा निजामशहाचा कर्तबगार वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबीबीने जे राखले, जिथे तिने राज्य केले आणि जिथे तिचा अंत झाला, तो भुईकोट किल्ला खाली शहराला लागून, भिंगारच्या बाजूला आहे. इंग्रजांच्या काळापासून तो लष्कराच्या ताब्यात राहिल्याने सर्वसामान्यांची पावले तिकडे कमी वळली. लोकांना मात्र तिचे नाव कुठे तरी उंचावर हवे होते. ते त्यांनी डोंगरावरच्या इमारतीला देऊन टाकले.

चारशेहून अधिक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातील सर्वात बलाढ्य फौजेने या शहराला वेढा घातला, तेव्हा खिंडार पडलेल्या तटापाशी उघडी तलवार घेऊन उभी राहिलेली राणी, एवढीच चांदबीबीची ओळख पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत पोहोचते. ती ओळख खरी आहे; पण अपुरी आहे. तलवार तिने आयुष्यातले काही तास हाती घेतली. उरलेली वीस वर्षे ती माणसे जोडत होती, फुटणारी घरे सांधत होती आणि आपल्याजवळ किती बळ आहे याचा हिशेब करत होती. या हिशेबानेच तिला एकदा कीर्ती दिली आणि चार वर्षांनी त्याच हिशेबाने तिचा जीव घेतला.

तट बांधणाऱ्याची लेक

मलिक अहमदने १४९० मध्ये सीना नदीच्या परिसरात, भिंगारजवळ नव्या शहराची मुहूर्तमेढ रोवली आणि त्याला आपले नाव दिले. दौलताबादसारखा कडा या शहराला लाभला नव्हता. सपाट माळरानावर किल्ला बांधायचा म्हणजे सारी भिस्त तटावर आणि खंदकावर. आरंभी येथे मातीचा कोट होता. तो काढून सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर दगडी तट उभारला तो हुसेन निजामशहाने. जवळजवळ वर्तुळाकार असा हा किल्ला, त्याचा परीघ सुमारे पावणेदोन किलोमीटर, भोवती रुंद खंदक. हा तट बांधणारा हुसेन निजामशहा म्हणजे चांदबीबीचा पिता. तिचा जन्म १५५० च्या सुमाराचा मानला जातो.

तिची आई खुंजा हुमायून हीदेखील सामान्य स्त्री नव्हती. १५६५ मध्ये हुसेन निजामशहा वारला आणि त्याचा मुलगा मुर्तजा गादीवर आला. त्याच्या नावाने काही वर्षे कारभार पाहिला तो आईने. पुढे मुलानेच तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित जपून ठेवले आहे. हुसेन निजामशहाच्या या स्तुतिकाव्यात राजाच्या शेजारी राणीची चित्रे काढलेली होती. त्यांपैकी बहुतेक चित्रांतून राणीची आकृती नंतर कोणीतरी पुसून टाकली. सत्ता चालवणाऱ्या स्त्रीविषयी त्या दरबारात किती रोष साचला असेल, याची कल्पना त्या पुसट डागांवरून येते. चांदबीबीला हा इतिहास कोणी सांगण्याची गरज नव्हती. तो तिच्या घरातच घडला होता.

तिचा विवाह हा राजकारणाचा भाग होता. दख्खनच्या शाह्यांनी विजयनगरविरुद्ध एक होण्याचे ठरवले, त्या वेळी विजापूर आणि अहमदनगर यांचे जुने वैर मिटवण्यासाठी दुहेरी सोयरीक झाली. चांदबीबी अली आदिलशहाला दिली गेली आणि अलीची बहीण मुर्तजाला. दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षे भांडणाचे कारण ठरलेला सोलापूरचा किल्ला चांदबीबीच्या हुंड्यात विजापूरला गेला. जानेवारी १५६५ मधील तालिकोटची लढाई या सोयरिकीनंतर झाली. एका किल्ल्यासह सासरी गेलेली ही मुलगी पुढे माहेरचा किल्ला राखायला परत येईल, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नसेल.

अरबी, फारसी, तुर्की यांबरोबरच मराठी आणि कानडी या भाषा तिला अवगत होत्या, ती सतार वाजवी, फुलांची चित्रे काढी आणि ससाण्यांच्या साहाय्याने शिकार करी, असे परंपरा सांगते. अली आदिलशहाने विजापुरात बांधलेली चांद बावडी ही प्रशस्त विहीर तिच्या नावाने आजही ओळखली जाते.

विजापूरची शिकवण

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मूल नव्हते. त्याचा अवघ्या नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि त्याच्या संगोपनाची व राज्याची जबाबदारी तिशीच्या चांदबीबीवर येऊन पडली. कारभार कामिलखान या सरदाराच्या हाती होता. त्याने मर्यादा ओलांडली तेव्हा चांदबीबीने किश्वरखानाच्या मदतीने त्याला दूर केले. किश्वरखान त्याच्याही पुढे गेला. त्याने राणीवरच कारस्थानाचा आळ घेतला आणि तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत धाडले. हे विजापूरच्या लोकांना आणि हबशी सरदारांना मानवले नाही. किश्वरखानाला पळ काढावा लागला आणि राणी सन्मानाने राजधानीत परतली.

तेवढ्यात अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजा विजापूरच्या तटाला येऊन भिडल्या. दरबार दक्खनी, हबशी आणि परदेशी अशा गटांत फाटलेला. शहरात पुरेसे सैन्य नाही. आणि शत्रूंमध्ये खुद्द माहेरची फौज. या वेळी चांदबीबीने सरदारांना एका ठिकाणी बसवले. सर्वांना चालेल असा माणूस म्हणून शाह ताहिरचा मुलगा अबुल हसन याच्याकडे कारभार देण्यात आला. कर्नाटकात पसरलेल्या मराठा पथकांना बोलावून घेण्यात आले. त्यांनी वेढा घालणाऱ्यांची रसद मारायला सुरुवात केली. बाहेरचे सैन्य उपाशी राहू लागले, त्याच्या सेनापतींत बेबनाव झाला आणि अखेरीस वेढा उठला.

या प्रसंगातून दोन गोष्टी तिच्या पदरी पडल्या. वेढ्यात पडलेले शहर तटापेक्षा आतल्या एकोप्याने टिकते, ही पहिली. आज जो तुमच्यासाठी तलवार उपसतो तोच उद्या तुम्हाला कैदेत टाकू शकतो, ही दुसरी. पुढच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टींचा तिला पुन्हा पुन्हा प्रत्यय आला.

चार गादीवाले, एक किल्ला

१५८४ मध्ये इब्राहिम आदिलशहाच्या बहिणीचा विवाह नगरच्या राजपुत्राशी ठरला. तिच्यासमवेत चांदबीबी नगरला आली. माहेर आता ओळखू येणार नाही असे झाले होते. भाऊ मुर्तजा भ्रमिष्टासारखा एकांतात राहत असे. १५८८ मध्ये त्याच्या मुलानेच, मीरान हुसेनने, त्याला हमामखान्यात कोंडून मारले. वर्ष उलटण्याआधी मीरानचाही खून झाला. त्यानंतर इस्माइल आणि मग १५९१ मध्ये चांदबीबीचा दुसरा भाऊ बुऱ्हाण गादीवर आला. बुऱ्हाणने अनेक वर्षे अकबराच्या आश्रयाला काढली होती. गादीवर बसल्यावर तो आपले मांडलिकत्व मान्य करील अशी अकबराची अपेक्षा होती. बुऱ्हाणने ती पुरी केली नाही. दिल्ली-आग्र्याची नजर तेव्हापासून नगरवर रोखलेली होती.

१५९५ मध्ये बुऱ्हाण वारला. त्याचा मुलगा इब्राहिम निजामशहा काही महिन्यांतच विजापूरकरांशी झालेल्या लढाईत मारला गेला. मागे उरला त्याचा तान्हा मुलगा बहादूर, म्हणजे चांदबीबीच्या भावाचा नातू. या बाळाला वारस मानावे, असे तिचे म्हणणे. पण वजीर मियाँ मंजूने अहमद नावाच्या एका बारा वर्षांच्या मुलाला निजामशाही वंशातला ठरवून गादीवर बसवले आणि बहादूरला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात ठेवून दिले. हबशी सरदार इखलासखानाने तिसराच मुलगा पुढे केला. अभंगखान या दुसऱ्या हबशी सरदाराने सत्तरी गाठलेल्या शाह अलीचे नाव घेतले. एका राज्याला चार गादीवाले झाले.

प्रतिस्पर्ध्यांनी कोंडीत पकडल्यावर मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला मदतीसाठी पत्र पाठवले. अकबराच्या या पंचविशीतल्या मुलाला दख्खनवर चालून येण्यासाठी निमित्तच हवे होते. त्याच्याबरोबर खानखानान अब्दुर्रहीम निघाला. हिंदी दोह्यांमुळे कवी रहीम म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच हा कसलेला सेनापती. खानदेशचा राजा अलीखानही त्यांना येऊन मिळाला. उत्तरेकडून नगर गाठायचे तर गोदावरी ओलांडावीच लागते. आजच्या राहाता-कोपरगाव परिसराला वळसा घालत जाणारी ही नदी निजामशाही राजधानीची उत्तरेकडची मोठी आड होती. आपापसांत लढणाऱ्या सरदारांपैकी कोणीही ती राखायला उभा राहिला नाही. डिसेंबर १५९५ च्या अखेरीस मुघल फौज नगरच्या वेशीवर आली.

तोवर मियाँ मंजूचे आपल्या प्रतिस्पर्ध्यांशी झालेले भांडण मिटले होते आणि आपण वाघाला घरात घेतल्याचे त्याच्या ध्यानी आले होते. किल्ला अन्सारखान नावाच्या माणसावर सोपवून तो विजापूरची मदत आणायला निघून गेला. जाताना त्याने खजिना आणि अहमदलाही बरोबर नेले. संकट ओढवून आणणारा बाहेर गेला. संकटाशी सामना करायला आत उरली चांदबीबी.

वेढ्यातले शहर

तिने प्रथम किल्ला ताब्यात घेतला. अन्सारखानाचा काटा काढण्यात आला, चावंडवर अडकलेल्या बहादूरच्या नावाने द्वाही फिरवण्यात आली आणि तटावरच्या जागा वाटून देण्यात आल्या. मुरादने शहराच्या उत्तरेला हश्त बिहिश्त बागेत तळ दिला. तटाबाहेरच्या वस्त्यांतील रयतेला त्याने अभय दिले होते, बुऱ्हाणाबाद पेठेत पहारेही बसवले होते. पण मुघल सरदार शाहबाजखानाच्या सैनिकांनी पेठा लुटल्या. मुरादने काहींना शिक्षा केली. तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. अभयावर विसंबून घरात राहिलेले लोक रातोरात शहर सोडून गेले. मुघलांच्या शब्दाची किंमत नगरकरांना पहिल्याच आठवड्यांत कळली आणि किल्ल्यातल्यांचा निर्धार त्यामुळे अधिकच पक्का झाला.

बाहेरून मदतीचे प्रयत्न झाले. इखलासखान दौलताबादकडून फौज घेऊन निघाला. दौलतखान लोदीने त्याला गोदावरीकाठी गाठून त्याचा मोड केला आणि त्या धामधुमीत पैठण लुटले गेले. चांदबीबीने अभंगखानाला निरोप धाडला होता. तो तिच्या विरोधी पक्षातला, तरीही आला. रात्रीच्या अंधारात खानखानानच्या छावणीतून वाट कापत तो मोजक्या स्वारांनिशी किल्ल्यात शिरला. वृद्ध शाह अलीला मात्र मागे फिरावे लागले आणि त्याची पुष्कळ माणसे कापली गेली.

तोफांनी तट ढासळेना, तेव्हा मुघलांनी सुरुंगांचा मार्ग धरला. सपाटीवरच्या किल्ल्याचे हेच दुखणे. मोर्च्यांच्या आडून जमिनीखाली भुयार खणत बुरुजाच्या पायापर्यंत जायचे, तिथे दारूगोळा ठासायचा, तोंड बुजवून बत्ती द्यायची. बुरूज आपल्याच वजनाने खाली येतो. फेब्रुवारी १५९६ मध्ये असे पाच सुरुंग तयार झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना बत्ती द्यायची होती. मुघल छावणीत ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाचा एक गृहस्थ होता. किल्ल्यातल्या लोकांची त्याला दया आली आणि आदल्या रात्री गुपचूप येऊन त्याने सुरुंगांच्या जागा सांगितल्या.

रातोरात किल्ल्यातल्या लोकांनी आतून खणायला सुरुवात केली. चांदबीबी स्वतः त्या कामावर उभी होती. पहाटेपर्यंत दोन सुरुंग सापडले आणि निकामी करण्यात आले. सर्वांत मोठ्या सुरुंगापर्यंत माणसे पोहोचली असतानाच बाहेरून त्याला बत्ती मिळाली. विजयाचे श्रेय खानखानानला मिळू नये म्हणून मुरादने त्याला न कळवताच ही घाई केली, असे इतिहासकार नोंदवतात. धमाक्याबरोबर खणणारी माणसे गाडली गेली आणि तटाचा मोठा भाग कोसळला.

खिंडारापाशी

त्या क्षणी किल्ला गेल्यात जमा होता. तटावरचे कित्येक नामांकित सरदार जागा सोडून निघण्याच्या तयारीत होते. अशा वेळी चांदबीबी चिलखत चढवून, चेहऱ्यावर बुरखा आणि हातात उघडी तलवार घेऊन खिंडारापाशी आली. राणीच पुढे उभी ठाकलेली पाहिल्यावर मागे फिरलेल्यांना परतावेच लागले. तोफा, बाण, दारूचे गोळे, जे हाती लागले ते खिंडाराकडे आणण्यात आले.

मुघलांची एक चूक या वेळी किल्ल्याच्या पथ्यावर पडली. उरलेले सुरुंगही उडतील या अपेक्षेने त्यांनी हल्ला लांबवला. निकामी झालेले सुरुंग अर्थातच उडाले नाहीत आणि मोलाचा वेळ हातचा गेला. दुपारनंतर खरा हल्ला सुरू झाला. लाटेमागून लाट खिंडारावर येऊन फुटली. खंदक प्रेतांनी भरू लागला. अंधार पडला तेव्हा मुघल सैन्य मागे फिरले होते.

त्यानंतरची रात्र चांदबीबीच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची रात्र म्हणावी लागेल. थकलेल्या माणसांना तिने झोपू दिले नाही. स्वतःही विसावली नाही. दगड, माती, लाकूड, जे मिळेल ते रचत पडलेली भिंत पुन्हा उभी करण्यात आली. उजाडले तेव्हा खिंडाराच्या जागी पुरुषभर उंचीपेक्षा वर आलेला बांध मुघलांच्या दृष्टीस पडला. पित्याने जो तट बांधायला वर्षे घेतली, त्याचा तुटलेला भाग लेकीने एका रात्रीत सांधला.

गोळे संपल्यावर तिने तोफांत तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी आणि अखेर आपले दागिने घालून मारा केला, अशी दंतकथा नंतरच्या काळात दख्खनभर पसरली. अशा दंतकथा उगाच जन्म घेत नाहीत. राज्यकर्ते खजिना घेऊन पळताना लोकांनी पाहिले होते. खजिना तटावर रिता करणारी राणी त्यांच्या स्मरणात राहिली. या वेढ्यानंतर तिला 'चांदबीबी'ऐवजी 'चांद सुलतान' म्हटले जाऊ लागले.

शौर्यानंतरचा शहाणपणा

खिंडारावरच्या विजयाने वेढा उठला नव्हता. किल्ल्यात अन्न संपत आले होते. मुघल छावणीतही रसद तुटली होती आणि मुराद व खानखानान यांचे एकमेकांशी पटत नव्हते. विजापूरचा सेनापती सुहेलखान सुमारे २५ हजार घोडदळ घेऊन निघाला होता, गोवळकोंड्याची तुकडीही त्याला मिळाली होती. हे सैन्य येऊन पोहोचण्याआधी मुघलांना तह हवा होता. वऱ्हाड द्यावा, आम्ही परत जातो, असा त्यांचा प्रस्ताव आला.

चांदबीबीने आधी नकार दिला. मग तिने विचार केला. येणारी मदत वेळेवर येईल का? आलीच तर ती जिंकेल का? हरली तर या उपाशी किल्ल्याचे काय? वऱ्हाड हा निजामशाहीत १५७४ मध्ये सामील झालेला प्रांत होता. तो गेला तरी राज्य उरत होते. राजधानी गेली तर काहीच उरले नसते. तिने तह केला. वऱ्हाड मुघलांना मिळाला, बहादूर निजामशहाला मान्यता मिळाली आणि मुघल फौज नगरसमोरून निघून गेली.

मदतीला आलेल्या फौजेबरोबर मियाँ मंजूही परतला आणि अहमदलाच गादीवर ठेवण्याचा त्याने आग्रह धरला. पुन्हा यादवी पेटण्याची चिन्हे होती. या वेळी विजापूरचा इब्राहिम आदिलशहा मध्ये पडला. त्याने अहमदला आपल्याकडे जहागीर देऊन हा वाद मिटवला. चांदबीबीने वाढवलेला पुतण्या आता जाणता राजा झाला होता. तिने विजापुरात केलेल्या कष्टांचे फळ तिला नगरमध्ये मिळाले. बहादूरला चावंडहून आणून गादीवर बसवण्यात आले.

आतला सुरुंग

इथून पुढची चार वर्षे पराक्रमाची नाहीत, म्हणून ती फारशी सांगितली जात नाहीत. तिने पेशवा नेमलेल्या मुहम्मदखानाने सारी सत्ता आपल्या हाती घेण्याचा डाव मांडला. त्याला आवरण्यासाठी तिला विजापूरची फौज बोलवावी लागली, तर त्याने उलट मुघलांनाच पत्र लिहिले. तो गेला आणि अभंगखान पेशवा झाला. वेढ्याच्या रात्री जीव धोक्यात घालून आलेला हाच तो अभंगखान. पुढे त्यालाही बाल राजा आपल्या मुठीत हवासा वाटू लागला. चांदबीबीने किल्ल्याचे दरवाजे त्याला बंद केले आणि अभंगखानाने आपल्याच राजधानीला वेढा घातला.

दरम्यान मुघलांनी वऱ्हाडाच्या हद्दीबाहेरचा पाथरी प्रदेशही बळकावल्याने पुन्हा युद्ध जुंपले. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीच्या खोऱ्यात सोनपेठजवळ विजापूर, गोवळकोंडा आणि नगर यांच्या संयुक्त फौजेचा खानखानानने पराभव केला. खानदेशचा राजा अलीखान या लढाईत मुघलांकडून लढताना पडला. दख्खनच्या शाह्यांनी मिळून मुघलांना रोखण्याची मोठी संधी हातची गेली. १५९९ मध्ये मुराद वारला. त्याच्या जागी शाहजादा दानियाल आला आणि १६०० मध्ये खुद्द अकबर बुऱ्हाणपुरास येऊन राहिला.

दानियाल आणि खानखानान नगरकडे निघाले तेव्हा अभंगखान घाट रोखण्यासाठी पुढे गेला. पण न लढताच जुन्नरकडे निघून गेला. किल्ल्यात पुन्हा चांदबीबी होती आणि बाहेर पुन्हा मुघल. या वेळी विजापूरहून कोणी निघाले नव्हते. आपल्याच सरदारांत विश्वासू म्हणावा असा माणूस शिल्लक नव्हता. वय पन्नाशीला आले होते. तिने जुनाच हिशेब पुन्हा मांडला. किल्ला मुघलांच्या स्वाधीन करावा, त्या बदल्यात राजाला, खजिन्याला आणि माणसांना सुखरूप जुन्नरला जाऊ द्यावे, असा विचार तिने हमीदखानापुढे बोलून दाखवला. काही नोंदींत याच माणसाचे नाव जीताखान असे येते. १५९६ मध्ये तिने प्रांत देऊन राजधानी वाचवली होती. आता राजधानी देऊन राज्य वाचवता येते का, ते ती पाहत होती.

हमीदखान तिच्यासमोरून उठला आणि राणी मुघलांना फितूर झाली, किल्ला विकते आहे, असे ओरडत किल्ल्यातून फिरला. वेढ्याने आणि भीतीने पिसाळलेल्या जमावाने शहानिशा केली नाही. लोक तिच्या महालात घुसले आणि त्यांनी तिला ठार केले. १६०० च्या जुलै महिन्याच्या सुमारास ही घटना घडली. चार वर्षांपूर्वी ज्या भिंतींच्या आत तिने याच लोकांसाठी रात्र जागवली, त्याच भिंतींच्या आत त्यांच्याच हातून तिला मरण आले.

त्यानंतर किल्ला कोणी राखला नाही. राखू शकले नाही. मुघलांनी पुन्हा सुरुंग लावले, तट उडाला आणि ऑगस्ट १६०० मध्ये ते आत शिरले. या वेळी खिंडारापाशी उभे राहायला कोणी नव्हते. मोठी कत्तल झाली. जडजवाहीर, ग्रंथसंग्रह आणि हत्ती विजेत्यांच्या हाती पडले. बाल बहादूर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. तिने मांडलेल्या अटींवर तह झाला असता, तर राजा आणि ती माणसे कदाचित जुन्नरच्या वाटेवर असती.

हिशेब कोणाचा बरोबर?

चांदबीबीचा शेवटचा अंदाज किती अचूक होता, हे पुढच्या घडामोडींनी दाखवून दिले. नगरचा किल्ला पडला तरी निजामशाही संपली नाही. मलिक अंबरने दुसऱ्या एका वारसाला गादीवर बसवून परांडा, जुन्नर, दौलताबाद असे तळ बदलत मुघलांना पंचवीस वर्षे झुंजवले. त्यानंतर शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर आणखी एका बाल निजामशहाला बसवून तोच झगडा पुढे चालू ठेवला. निजामशाही बुडाली ती १६३६ मध्ये, म्हणजे चांदबीबीच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी. राजधानी सोडून डोंगरी मुलखात जावे आणि तेथून लढत राहावे, ही वाट तिला १६०० मध्ये दिसली होती. ती बोलून दाखवताच ती फितूर ठरली.

वास्तविक दोन्ही वेळा तिने एकच केले. शक्य होते तोवर लढली आणि लढाईने जे वाचणार नाही ते बोलणीने वाचवू पाहिले. पहिल्या वेळी लोकांनी तिला खिंडारापाशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून तहानंतरही ती सुलतान झाली. दुसऱ्या वेळी त्यांनी तिला पाहिले नाही. फक्त तिच्याविषयी ऐकले. कानावर आलेल्या एका आरोळीने वीस वर्षांची पुण्याई पुसून टाकली. सत्तेवरच्या स्त्रीवर कारस्थानाचा आळ घेणे किती सोपे असते, याचा अनुभव तिच्या आईला नगरमध्ये आला होता आणि तिला स्वतःला साताऱ्याच्या कैदेत. तिसऱ्या खेपेला त्या आळाने प्राणच घेतला.

नगरच्या भुईकोटाने पुढेही बरेच पाहिले. १८०३ मध्ये वेलस्लीने तो इंग्रजांसाठी जिंकला. १९४२ पासून जवाहरलाल नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य येथे कैदेत होते. नेहरूंचा भारताच्या शोधावरचा सुप्रसिद्ध ग्रंथ याच भिंतींच्या आत लिहिला गेला. जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. चौंडीसारख्या खेड्यात जन्मून राज्य सांभाळणाऱ्या अहिल्याबाईंचा तो गौरव आहे. अहिल्याबाईंच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आधी याच मातीतल्या आणखी एका विधवा राणीने दुसऱ्यांच्या मुलांसाठी दोन राज्ये सांभाळली होती, हेही यानिमित्ताने जिल्ह्याला आठवायला हरकत नाही.

शहा डोंगरावरची वास्तू देखणी आहे आणि तिथून दिसणारे शहरही. सहलीला गेलेल्या मुलांना तिथे सलाबतखानाचे नाव जरूर सांगावे आणि मग खाली, भिंगारच्या दिशेला दिसणाऱ्या गोलाकार तटाकडे बोट दाखवावे. तटाचा पडलेला भाग एका रात्रीत परत उभा राहिला, तो तिथे.